शहाणा खांब आणि येसूची पाटी

हिरडगडची गाडी रोज वेळेवर निघायची, वेळेवर पोहोचायची आणि रोज रिकामी असायची!

गाडी काही साधीसुधी नव्हती. हिरडगड, तांबडखेड आणि सोनखळं या शेजारच्या तीन राज्यांनी मिळून रयतेसाठी सहा-सहा बैलांच्या तीन गाड्या काढल्या होत्या. त्यासाठी तिन्ही राजे वर्षभर एकमेकांच्या पंगतीला जेवत होते. त्यातले आठ महिने गाडीवर कोणाचा झेंडा पुढे लावायचा, यातच गेले. मग रस्त्याचा प्रश्न निघाला, तर गाडी आपल्याच वाड्याच्या दारात थांबली पाहिजे म्हणून तिघेही हटून बसले. शेवटी ठरलं की, वाटेतल्या गावांतली माणसं घेत गाडी एका राजवाड्याहून दुसऱ्या राजवाड्याला जाईल. वाडे तिन्ही डोंगरावर आणि बाजार खाली नदीच्या घाटावर. पण हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण त्या डोक्यांनी जन्मात कधी बाजारातून वांगी आणली नव्हती.

त्यात भर म्हणून हिरडगडच्या दरबारात एक यंत्रशास्त्री होते, अगदी उंटावरचे शहाणे. त्यांनी गावोगावी एकेक 'शहाणा खांब' उभा केला. आत पाण्याचं घड्याळ, बाहेर पितळी काटा. गाडी किती लांब आहे ते काटा दाखवायचा आणि गाडी आली की घंटा वाजायची. खांबाच्या सावलीत कुत्री झोपायची. घंटा झाली की तीसुद्धा कान हलवून पुन्हा झोपायची.

हिरडगडच्या राजेसाहेबांनी निकाल देऊन टाकला की रयतच अडाणी आहे. नाचता येईना, अंगण वाकडं!

एके दिवशी राजे स्वतः त्या रिकाम्या गाडीत बसून निघाले. बाजूने येसू माळीण डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन बाजाराला चालली होती. राजांनी गाडी थांबवली.

"शेजारून रिकामी गाडी जाते आणि तू ओझं घेऊन चालतेस? डोळे फुटलेत का तुझे?"

"डोळं हायेत म्हनूनच चालतीया, म्हाराज," येसू म्हणाली.

गाडीवान हसला आणि तिथेच घोटाळा झाला. राजांचा चेहरा लालबुंद झाला. येत्या मंगळवारी बाकीचे दोन राजे पाहणीला येणार होते. तूच एवढी शहाणी आहेस, तर त्या दिवशी तिन्ही गाड्या भरून दाखव, असं राजांनी फर्मावलं. रस्ता बदलायचा नाही, वेळ बदलायची नाही, कोणावर जबरदस्ती करायची नाही. आणि गाड्या भरल्या नाहीत, तर येसूचा मळा सरकारजमा!

नवरा गेल्यावर तो मळा तिने एकटीने राखला होता, मळ्यातल्या विहिरीचं पाणी दहा वर्षं एकटीने ओढलं होतं. पण रडून राजा पाघळत नाही, हे तिला माहीत होतं. तिने एवढंच मागितलं की, तिन्ही राज्यांत एक दवंडी पिटायची परवानगी मिळावी. राजांनी हात उडवून परवानगी दिली. दवंडी काय असेल, हे विचारायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. तशी सवयच नव्हती.

मंगळवार उजाडला. वाड्याच्या चौकात गालिचे अंथरले होते, तिन्ही राजे लोडाला टेकून बसले होते आणि यंत्रशास्त्री नकाशा पसरून काटा कसा फिरतो ते समजावत होते. एवढ्यात दारातल्या खांबाची घंटा वाजली. पहिली गाडी आली, ती इतकी भरलेली की माणसं जूवरसुद्धा बसली होती! पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली.

राजे खूश होऊन उठले आणि उठले तसेच थिजले. गाड्यांतून कोंबड्यांचे खुराडे उतरले, मडकी उतरली, शेळ्या उतरल्या. एका म्हातारीने सुक्या बोंबलांची टोपली थेट गालिच्यावर पालथी केली आणि सोनखळ्याच्या राजालाच भाव सांगू लागली. एक शेळी पुढे झाली आणि तिने यंत्रशास्त्र्यांचा नकाशा खायला घेतला. त्या नकाशाचा कोणाला उपयोग झाला, ती ही पहिलीच वेळ.

"हा काय तमाशा आहे? कोणी आणलं या लोकांना माझ्या चौकात?" हिरडगडचे राजे ओरडले.

"तुमच्याच गाडीनं आनलं की, म्हाराज," येसू पाटी खाली ठेवत म्हणाली. "म्या फकस्त दवंडी पिटली, या मंगळवारचा बाजार राजवाड्यात भरंल म्हनून. गाडी बाजाराला जात न्हवती, मंग बाजारच गाडीच्या वाटंला आनला. रस्ता तोच, वेळ तीच, जबरदस्ती न्हाई."

"एवढे खांब उभारले, त्यांचा काहीच उपयोग नाही म्हणतेस?"

"खांब लई हुशार हायेत. गाडी कुठं हाय ते त्यास्नी बरूबर कळतं. मानसं कुठं निघाल्यात, ते मातुर तुम्हा तिघांत कुनी इचारलंच न्हाई."

हे ऐकून तांबडखेडचे राजे पोट धरून हसू लागले. सोनखळ्याच्या राजांच्या हातात बोंबील होता, ते तसेच हसत सुटले. हिरडगडचे राजे ओठ दाबून बसले होते, पण शेळीने नकाशावरचा त्यांचाच वाडा गिळताना पाहिला आणि त्यांचाही बांध फुटला!

येसूचा मळा कायमचा सारामाफ झाला आणि गाडीतली पहिली बैठक जन्मभर तिच्या नावाची झाली. दुसऱ्याच दिवसापासून गाड्या घाटावर न्यायचं ठरलं. यंत्रशास्त्री लगबगीने पुढे झाले आणि नव्या नकाशासाठी कोरा कागद मागू लागले.

"कागद मिळेल," हिरडगडचे राजे डोळे पुसत म्हणाले. "आधी येसूची पाटी डोक्यावर घ्या आणि घाटापर्यंत चालत जाऊन या!"