वेशीवरची कातडी

पूर्वी अरण्यांनी वेढलेल्या शालवती नगरीत दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा वनामात्य होता. हिवाळी शिकारीत प्रत्येक टोळीतील थोरला लांडगा मारावा आणि त्याचे कातडे वेशीवर टांगावे, अशी तेथील रीत होती. तरीही लांडगे वाढतच होते.

एके दिवशी गोमिल नावाचा मेंढपाळ फाडलेले कोकरू खांद्यावर घेऊन राजसभेत शिरला.

"महाराज, वेशीवर कातड्यांना जागा उरली नाही आणि माझ्या वाड्यात मेंढ्या उरल्या नाहीत. येत्या अमावास्येला आम्ही रानच पेटवणार!"

राजाला आसनावर बसवेना. "अमात्य, यंदा शिकार दुप्पट करू या."

"महाराज, शिकार थोडी आणि निवडून करावी," बोधिसत्त्व म्हणाला. "थोरला लांडगा टोळीला हरिणामागे धावायला शिकवतो. आपण तोच मारतो. मग टोळी फुटते, एकीच्या अनेक होतात, प्रत्येकीत पिल्ले वाढतात; आणि शिकार न शिकलेली पोरकी पोरे कोंडलेल्या मेंढीवर येतात. थोरल्याला राखावे. वाड्यांना काटेरी कुंपण, राखणीला कुत्री द्यावीत. त्यावरही जो आत शिरेल, त्यालाच मारावे."

गोमिल कडवट हसला. "वा, अमात्य! लांडग्यांची पाठशाळा! आणि शिरलाच कोणी, तर मारणार कोण? तुम्ही?"

"मीच."

राजाने एका हिवाळ्याची मुदत दिली. बोधिसत्त्व गोमिलच्या वाड्याशेजारी राहायला गेला. पान वाजले तरी तो उठून बसे.

एका पहाटे कुत्री पिसाळल्यासारखी भुंकली. कुंपण ओलांडून एक कोवळा लांडगा आत आला होता. त्याचा फाटका कान बोधिसत्त्वाने ओळखला: गतवर्षी मारलेल्या थोरल्याचे ते पोर. त्याने बाण सोडला.

"कातडे वेशीवर टांगतो," गोमिल म्हणाला.

"नको, गोमिल. याला शिकवणारा आपणच मारला."

गोमिलने स्वतःच कुदळ आणून त्याला पुरायला खड्डा खणला.

त्या हिवाळ्यात वाड्यात दुसरा लांडगा शिरला नाही. रान पेटले नाही. पुढे टोळ्या फुटेनात, तशी लांडग्यांची वाढही आवरली आणि वेशीवरची कातडी उतरली. अमात्याला मात्र तो बाण आयुष्यभर स्वस्थ बसू देईना.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, विहारातील कलह मिटवण्यासाठी वृद्ध स्थविरालाच घालवू पाहणारा हा सुदंत तेव्हा राजा होता. त्याची री ओढणारा रेणुक हा गोमिल होता, आणि वनामात्य मी होतो. करुणेलाही डोळे असावे लागतात. त्या डोळ्यांचे नाव प्रज्ञा."