दस्तगीरचाचाची पेटी

वीज चिंचघळीच्या वरच्या आळीपर्यंत आली होती, खालच्या वाडीत अजून उतरायची होती, तेव्हाची ही गोष्ट.

वाडीत येसू राहायची. नवरा गेलेला, पोटी एकच लेक, गोजरा. पोरगी सारखी पाणी प्यायची नि तरी वाळत चालली होती. तालुक्याच्या दवाखान्यात कळलं, साखरेचा आजार आहे, रोज सुई टोचावी लागेल. औषध फुकट मिळालं. टोचायचं कसं तेही सिस्टरनं शिकवलं आणि म्हणाली, "फक्त गार जागी ठेव हं."

गार जागा आणायची कुठून? येसूच्या पत्र्याच्या खोपटात वैशाखात पितळीसुद्धा हाताला चटका द्यायची. गावात फ्रीज एकच, आडतदारांकडे. येसू मागच्या दारी जाऊन उभी राहिली.

मालकीणबाई म्हणाल्या, "नैवेद्याचं दूध असतं गं त्यात. आजाराचं नको."

त्याच फ्रीजच्या दारात खुद्द आडतदारांची तसलीच बाटली होती, असं म्हणतात.

येसू बाटली ओल्या पदरात धरून वाटेवर बसली. तेवढ्यात घंटी वाजवत दस्तगीर मुलाणी आला. सायकलवर गारेगारची लाकडी पेटी. सगळं ऐकून घेतलं नि म्हणाला, "आण इकडं. माझ्या पेटीत अख्खा हिवाळा कोंबलाय."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तो तिच्या दारात यायचा. पण माया केली नि तिथंच चुकलं. गारेगार घट्ट राहावं म्हणून बर्फात मीठ घालतात, तशी त्यानं बाटलीही मीठ-बर्फात खोल दाबली. औषध गोठायचं, वितळायचं, आणि येसू तेच टोचत राहायची. एका दुपारी गोजरा हाक मारली तरी डोळे उघडेना. श्वासाला नासक्या फळासारखा वास येऊ लागला.

"चाचा, पोरगी चालली हो माझी," वाटेवर त्याची घंटी ऐकून येसू ओरडली.

दस्तगीरनं पेटीतला सगळा माल वाटेवर ओतला, रिकाम्या पेटीवर गोजराला बसवलं, येसूनं तिला मागून धरलं आणि दोघं सायकल ढकलत तालुक्याकडचा घाट चढू लागले. असं म्हणतात, त्या उन्हात येसू अनवाणी होती तरी तिचे पाय पोळले नाहीत. सायकलीमागून गार वारा चालला होता. आणि वाटेवर ओतलेला बर्फ, दवाखान्यात गोजरानं डोळे उघडेपर्यंत वितळला नाही.

सिस्टर म्हणाली, "चाचा, गोठलं की औषध मेलं. गार हवं, बर्फ नको."

दस्तगीर पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. मग त्यानं पेटीत आडवी फळी ठोकली. बर्फ एकीकडं, दुसरीकडं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं, त्यात बाटली. बातमी पसरली तशी वाड्यावाड्यांतून औषधं येऊ लागली. फळी सरकत गेली, गारेगार कमी होत गेलं. पोरं कुरकुरायची, "चाचा, आमचं कुठंय?"

"आज पेटीत पाहुणे उतरलेत, बाळांनो," तो म्हणायचा.

गोजरा मोठी झाली, तिला नातवंडं झाली. चाचा गेला त्या उन्हाळ्यात चिंचघळीत ऊन लागलंच नाही, असं म्हणतात. जुनी माणसं ते सांगताना अजून दंडावरून हात फिरवतात.

आता वाडीतही वीज आहे, पण फ्रीज सगळ्यांकडे नाही. म्हणून चिंचघळीत कुणी फ्रीज घेतला की त्याच्या दारातला एक कप्पा मोकळा ठेवतात. त्याला चाचाचा कप्पा म्हणतात. तिथं कुणीही आपली बाटली ठेवावी. कुणाची, कुठल्या आळीतली, असं विचारायचं नाही. आणि त्या घराच्या मागच्या दाराला दिवसा कुणी कडी लावत नाही.