मगरआजीच्या नाकावरची बेडकुली

एक होता डोह. डोहात होतं गार गार पाणी. पाण्यात होती मगरआजी. मगरआजीच्या नाकावर बसायची इवलीशी बेडकुली. संध्याकाळ झाली की ती गायची, "डराँव डुंक, डराँव डुंक." सगळा डोह ऐकायचा.

मग ऊन आलं. एवढं आलं, एवढं आलं, की डोह आटला. चिखलाला भेगा पडल्या. बेडकुलीची पाठ वाळली, चुरचुर करायला लागली.

बेडकुली निघाली. टुप टुप टुप.

"मगरआजी, मगरआजी, खड्डा खण. मला पाणी दे."

मगरआजी म्हणाली, "खणला असता गं बाळा. पण तोंडात काटा रुतलाय, खणायला गेले की टोचतो. टिटवी काटा काढेल, तर मी खड्डा खणीन."

टुप टुप टुप. टिटवी अंड्यांवर पंख पसरून बसली होती.

"टिटवीताई, टिटवीताई, काटा काढ.
मगर खड्डा खणीना,
बेडकुलीला पाणी मिळेना."

टिटवी म्हणाली, "मी उठले तर अंडी भाजतील. म्हैस सावली देईल, तर मी काटा काढीन."

टुप टुप टुप. म्हैस झुडपापाशी उभी होती.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, सावली दे.
टिटवी काटा काढीना,
मगर खड्डा खणीना,
बेडकुलीला पाणी मिळेना."

म्हैस म्हणाली, "येऊ कशी? शेपूट वेलीत अडकलंय. खेकडा वेल कापेल, तर मी सावली देईन."

टुप... टुप... टुप. बेडकुली दमली. खेकडा बिळात होता, खोल खोल.

"खेकडेदादा, खेकडेदादा, वेल काप.
म्हैस सावली देईना,
टिटवी काटा काढीना,
मगर खड्डा खणीना,
बेडकुलीला पाणी मिळेना."

खेकडा आतूनच म्हणाला, "तू कुठली बेडकुली? आमची बेडकुली रोज गायची. गा बघू. गायलीस, तर मी वेल कापीन."

बेडकुलीचा घसा कोरडा. आवाजच फुटेना. तिने डोळे मिटले. डोह आठवला. गार गार पाणी आठवलं. आजीचं नाक आठवलं. आणि हळूच आवाज आला,

"डराँव... डुंक."

"आमचीच गं ही," खेकडा म्हणाला, आणि आला की बाहेर, तिरका तिरका.

खेकड्याने वेल कापली, कटाक.
म्हशीने सावली दिली, ऐसपैस.
टिटवीने काटा काढला, टुक.
मगरआजीने खड्डा खणला, खरड खरड खरड.

आधी लागली ओल. मग आलं पाणी, बुळुक बुळुक.

ऊनही कललं होतं. म्हैस धावली. टिटवी धावली. खेकडाही धावला.

मगरआजी म्हणाली, "थांबा. आधी बेडकुली."

डुबुक.

खड्डा काही डोहाएवढा नव्हता. पण पाणी तसंच गार होतं, आणि आजीचं नाकही तेच होतं. बेडकुली त्यावर चढून बसली. संध्याकाळ झाली. सगळे गप्प झाले.

"डराँव डुंक, डराँव डुंक."

पाणी भरलं काठोकाठ,
गोष्ट संपली, थोपटू पाठ.