सातही बाण शेवटचे

निंबगडच्या झुंजारराजांचा पहिला बाण गेला विहिरीत. दुसऱ्यानं देवळामागं वाळत घातलेलं पुजाऱ्याचं धोतर फाडलं. तिसरा कुठं गेला ते त्या बाणालाच ठाऊक! चौथा, पाचवा, सहावा डावीकडच्या मातीत घुसले, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा जवळ. आणि सातवा? सातवा खाडकन नेमाला ठेवलेल्या कोहळ्यात!

"वाहवा!" प्रधान विसोपंत ओरडले. "पहिले सहा महाराजांच्या धाकानंच पळाले!"

महिनाभर रोज हेच चाललं होतं. कारण काय, तर महाराजांना सुचलेली युक्ती! बाणांचा भाता पाठीवर अडकवतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. राजांनी तो धनुष्यालाच बांधला. "हात मागं न्यायची कटकटच नको!" म्हणाले. भाता पातळ चामड्याचा, पण आत सात बाण, पोलादी टोकांचे, चांगले वजनदार. धनुष्य उचललं की ते डावीकडे कलंडायचं, आणि बाण निघाला डावीकडे. एकेक बाण कमी होईल तसं धनुष्य सरळ व्हायचं. आंधळ्यालाही कळलं असतं हो! पण दरबारी माणसांना राजाची चूक कधी दिसलीये?

धनुष्य घडवलं होतं धोंडजी कमानगरानं. राजांनी त्याला बोलावून दरडावलं, "सातवा लागतो, म्हणजे माझा नेम पक्का. बाकीचे चुकतात, म्हणजे तुझं धनुष्य खोटं!"

धोंडजी म्हातारा सरळ माणूस. म्हणाला, "महाराज, धनुष्याला भाता हवाच कशाला?"

एवढंच बोलला, आणि थेट कोठडीत गेला.

बातमी कळताच त्याची बायको ठकूबाई पदर खोचून दरबारात हजर! धनुष्याला लावायचा सरस हाताला चिकटला होता तो तसाच.

"महाराज, आमच्या म्हाताऱ्याला सोडा."

"सोडू? जीभ फार चालते त्याची!"

"तीस वर्षं मी ओरडतेय, तरी गप्प बसला नाही. तुम्ही कोंडून काय गप्प बसवणार?"

दरबारी मिशीत हसले. राजे लालबुंद झाले.

"ऐक! परवा दसरा. सगळ्या गावासमोर मी सात कोहळे फोडणार. सातही बाण शेवटच्यासारखे लागले पाहिजेत! भाता काढायचा नाही, धनुष्याला हात लावायचा नाही आणि भात्याला नावं ठेवायची नाहीत. जमलं तर म्हातारा सुटला. नाही जमलं, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सरावाच्या वेळी तो कोहळ्याच्या डाव्या अंगाला उभा राहील!"

 पण ठकूबाईची जीभ कुठली ऐकतेय!

"डाव्या अंगाला नको, महाराज. त्याला कोहळ्यालाच बांधा. तिथं पहिले सहा बाण फिरकतसुद्धा नाहीत!"

एवढं बोलून ती भाकरी घेऊन कोठडीपाशी गेली. धोंडजीचं तोंड एवढंसं झालं होतं. त्याला पाहून तिला भडभडून आलं, पण रडेल ती ठकूबाई कसली!

"खरं बोललात ते चुकलं नाही. राजासमोर बोललात, तिथं माती खाल्लीत!"

"आता गं काय करायचं?"

"आता जेवा. बाकीचं मी बघते."

दसऱ्याला मैदानात गाव लोटला. सात खांबांवर सात कोहळे, अंतरा-अंतरानं. राजे धनुष्य घेऊन घोड्यावर बसले. ठकूबाई पुढं झाली. भात्यातले सहा बाण उपसून तिनं टोपलीत टाकले आणि टोपली दिली विसोपंतांच्या हातात!

"हे काय?" राजे गरजले.

"भाता जागच्या जागी आहे. धनुष्याला मी बोट लावलं नाही. आत बाण किती उरले, महाराज?"

"एक."

"मग तो शेवटचाच की! मारा!"

राजांनी तो उपसला. भाता रिकामा, धनुष्य सरळ. फट्! कोहळा फुटला!

"पंत, आता दुसरा घाला. हाही शेवटचा!"

फट्! राजांचा घोडा पुढं, पंत टोपली घेऊन मागं. चौथ्या कोहळ्याला पंतांचं पागोटं सुटलं. सहाव्याला धोतर सुटता सुटता राहिलं. पोरंबाळं, बायाबापड्या हसून हसून लोळल्या. सातवा बाण भात्यात घालून पंत जे खाली बसले ते उठेचनात!

सातही कोहळे फुटले! राजे खुशीत मिशीवर हात फिरवत परतले. धापा टाकणारे पंत पाहिले, टोपली पाहिली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"का गं ठकूबाई, शिकारीलाही पंतांना असंच मागं पळवू?"

"पळवा की! ढेरी तरी उतरेल त्यांची."

"पण भात्यात एकावेळी एकच बाण ठेवायचा, तर मग..." राजे थांबले. धनुष्याकडे पाहिलं, भात्याकडे पाहिलं. "तर मग धनुष्याला भाता हवाच कशाला?"

 पंतांनी धाप लागलेली असूनही श्वास रोखला.

ठकूबाईनं हात जोडले. "हळू बोला, महाराज! एवढंच विचारलं म्हणून आमचं म्हातारं आत आहे. त्या कोठडीत दोघांना जागा नाही!"

 राजांच्या पोटातून असं हसू उसळलं, की घोडाही बिचकला! "सोडा रे त्या धोंडजीला!" डोळे पुसत ते म्हणाले. "नाहीतर न्याय म्हणून मलाच आत जाऊन बसावं लागेल!"

धोंडजी बाहेर आला, आणि राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूबाईच्या हातावर ठेवलं. "आणखी काय हवं, बोल!"

"तो भाता द्या, महाराज. चुलीपाशी टांगते. पळ्या-उलथनी ठेवायला मला केव्हाचं काहीतरी हवंच होतं!"

"ने बाई, ने!" राजे पुन्हा हसत सुटले, आणि या खेपेला पंतांनाही हसावंच लागलं.