अंडं धरणारा शिकंजा

फार फार वर्षांपूर्वी, कुड्याच्या वाडीत अजून गाडीवाटही नव्हती तेव्हा, तिथं धाकू मेस्त्री नावाचा सुतार राहत होता. त्या काळी सुतार जमिनीवर बसून काम करायचे. लाकूड धरायचं दोन पायांनी आणि तासायचं दोन हातांनी. धाकूच्या पायांची पकड अशी, की बैलानं ओढली तरी फळी सुटायची नाही, असं म्हणतात. बैल जुंपून कुणी पाहिलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

एका हंगामात रानातून एकसुळ्या उतरला. रानडुक्करच तो, सुळा एकच, पण कोयत्याएवढा. पिकलेलं भात तुडवायचा आणि दिवसाढवळ्या माणसांवर धावायचा. त्यानं धाकूचा डावा पाय फाडला. जखम भरली, पण पायातली पकड गेली ती गेलीच.

वाडीत बंदूक एकच, बाबल गावड्याची ठासणीची, आणि तिचा लाकडी दस्ता वाळवीनं खाल्लेला. धाकूकडे शिसवीचे दोन ठोकळे होते. दस्ता करायला तो बसला, पण पायांनी लाकूड धरवेना. मग त्यानं लोहाराचा शिकंजा मागून आणला, लोखंडाच्या दोन जबड्यांचा, आणि नांगराचं लाकूड आवळावं तसा दस्ता त्यात करकचून आवळला. जबड्यांचे दात शिसवीत रुतले आणि आत चीर गेली. दातांचे वण तासल्यावर वरून काही दिसेना, म्हणून धाकूनं तेल चोळून दस्ता देऊन टाकला. बाबलनं एकसुळ्यावर बार टाकला तेव्हा दस्ता आतल्या चिरेवर दुभंगला. बाबलचा गाल फाटला आणि डुक्कर रानात निघून गेला.

धाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबलची बायको चंद्रावती त्याच्या दारात आली, पण भांडली नाही.

"मेस्त्री, घोवाचो गाल भरतलो," ती म्हणाली. "पण एकसुळो आसा तवसर शेतात कोण जातला?"

"एक ठोकळो उरलो हा," धाकू म्हणाला. "तो मी फुटूक देवचंय नाय."

दुसऱ्या दिवशी हातात काठी आणि पेंढ्याच्या टोपलीत अंडी घेऊन तो लंगडत बंदराला निघाला. अंडी कशाला, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

बंदरावर नरसू शेटचं हत्यारांचं दुकान होतं. शेटनं सगळ्यांत मोठा, चकचकीत शिकंजा पुढे केला. "हो बघ! रेड्याक धरीत!"

"माका रेडो धरूचो नाय, शेटनू," असं म्हणून धाकूनं जबड्यांत अंडं ठेवलं आणि दांडी फिरवली. आटे हिसका देत फिरले आणि अंडं फुटलं. दुसऱ्या शिकंज्याचे जबडे तिरके मिटत होते. त्यातलं अंडं निसटलं ते थेट शेटच्या धोतरावर. शेटनं कपाळाला हात लावला. धाकूचं आपलं एकच पालुपद: "अंडा फुटूक नये, लाकूड हालूक नये." असे सात शिकंजे झाले, सात अंडी गेली. आठव्याला चमक नव्हती, पण दांडी लोण्यातून फिरावी तशी फिरली, जबडे सरळ मिटले आणि अंडं जागच्या जागी बसलं. मग धाकूनं त्यात एक खुंटी आवळली आणि तो तिला सगळ्या अंगानिशी लोंबकळला. खुंटी हलली नाही. शेटच्या नातवासाठी पाळणा करून देण्याच्या बोलीवर त्यानं तो शिकंजा उचलला. उरलेलं अंडं शेटनं स्वतः ठेवून घेतलं.

ते एवढं लोखंड डोक्यावर घेऊन लंगडा माणूस घाट चढला. असं म्हणतात, की वाटेतल्या ओढ्यानं पाणी आवरून त्याला वाट दिली. खरं-खोटं ओढ्यालाच ठाऊक, पण शिकंजा कोरडा घरी आला एवढं खरं.

तरीही लोखंड ते लोखंडच. धाकूनं आपली डाव्या पायाची वहाण काढली, ज्या पायातली पकड गेली होती त्याची, आणि तिचं कातडं कापून दोन्ही जबड्यांना आतून लावलं. मग नऊ दिवस तो दस्ता घडवत राहिला. सैल करायचा, फिरवायचा, आत चीर तर नाही ना, ते बोटानं वाजवून ऐकायचा आणि पुन्हा आवळायचा. आवाज शेवटपर्यंत अखंड आला.

बाबल बंदुकीला हात लावेना. "पयलो बार तूच टाक," तो म्हणाला. "तुझ्या गालाक लावन."

"टाकतंय," धाकू म्हणाला.

लोक झाडांवर चढले. पळता न येणारा धाकू एकटा बांधावर उभा राहिला. एकसुळ्या भातातून सरळ त्याच्यावर आला. दहा पावलांवर आला, पाचावर आला, तेव्हा धाकूनं बार टाकला. डुक्कर त्याच्या पायाशी कोसळला. असं म्हणतात, की तो आवाज बंदरापर्यंत गेला आणि नरसू शेट आधी आपलं अंडं बघायला धावला. बाबल झाडावरून उतरला, त्यानं दस्त्यावरून हात फिरवला, आणि तो आपला फाटका गाल त्याला टेकवून उभा राहिला. त्याला रडू आवरेना, आणि धाकूलाही.

आजही कुड्याच्या वाडीत खंडेनवमीला प्रत्येक शिकंज्यात एक अंडं धरतात आणि ते दिवसभर तसंच ठेवतात. नवा शिकंजा घरात आला, की ज्यानं त्यानं आपल्या डाव्या वहाणेचं कातडं त्याला लावायचं. आणि काम सुरू करताना तिथं कुणी "आवळ" म्हणत नाही. दांडीला हात घालतात आणि म्हणतात, "धाकू, धर."