शेंगोळ्यांचा पत्ता

"पण मग त्याला मी सापडत का नाही, बाबा?"

टेकडीवरच्या तकियात, म्हणजे नूरबाबा फकिराच्या मठीत, त्यांच्यासमोर बसून प्रभंजन विचारत होता. बाबांच्या भुवया इतक्या दाट, की एका पावसाळ्यात त्यांत चिमणीने संसार थाटला होता म्हणतात.

लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणून देणं हा प्रभंजनचा धंदा. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही, असं तो स्वतःच सांगे. पण धाकटा भाऊ सुधन्वा भांडून गेला, तो गेलाच. आई गेली, हेही त्याला ठाऊक नसणार.

म्हणून प्रभंजनने आईच्या कुळथाच्या शेंगोळ्यांच्या कृतीचं एक वेबपान केलं, खाली घरचा फोन दिला. कुठल्याशा परक्या गावात एखाद्या संध्याकाळी सुधन्वाला ती चव आठवेल, तो शोधेल... पान सर्चमध्ये वर यावं म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या हजारो लिंका प्रभंजनने विकत घेतल्या. रमीवाल्यांच्या, कर्जवाल्यांच्या, वजन घटवणाऱ्यांच्या. पान मात्र इतकं खोल बुडालं, की पाणबुड्यालाही दिसू नये.

बाबांनी पानाचा पत्ता विचारला. प्रभंजन वाचू लागला. आधी स्वतःच्या कंपनीचं नाव, मग आकडे, प्रश्नचिन्ह, पुन्हा आकडे... तोवर बाबांची शेळी चरून परत आली.

"यात शेंगोळे कुठे आहेत?"

ते बदलता येईल, प्रभंजन पुटपुटला.

"आणि ते वाट दाखवणारे. त्यांतल्या कुणी खाल्लेत?"

"छे, ते पैसे घेऊन दाखवतात."

"तू वर कसा आलास?"

"खाली तीन वाटा फुटतात. एकीवर दगडांची रास होती."

"इथे जेवलेला माणूस उतरताना तिथे एक दगड ठेवतो."

प्रभंजनचा चेहरा उतरला. चढताना, पुण्य लागेल म्हणून, त्याने तिन्ही वाटांवर हौसेने ढीगभर दगड रचले होते.

"मघाशी एक वऱ्हाड चुकीच्या वाटेने खाणीत उतरलं," बाबा म्हणाले. "वाजंत्र्यांसकट."

प्रभंजन मुकाट्याने खाली गेला. आपले दगड उचलून परतला तेव्हा ऊन कललं होतं, तळहात सोलवटले होते.

"तो येईल ना, बाबा?"

बाबांनी कुळथाच्या पिठाचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

प्रभंजनने डब्याचं झाकण उघडलं. "आई गेल्यापासून... घरात कुणी शेंगोळे केलेच नाहीत."

"चूल पेटव. मला भूक लागलीय."