टेकडीवरच्या घराचं पाणी

फार फार वर्षांपूर्वी एका गावच्या कारभारीणबाईंनी वसा घेतला होता. गावातल्या शेवटच्या घरी पाणी पोचल्याशिवाय आपण घोट घ्यायचा नाही.

शेवटचं घर टेकडीवर, एका म्हातारीचं. झरा खाली दरीत. पाच कावडवाले मातीच्या घागरींतून घरोघर पाणी पोचवीत. एकाने कंटाळा केला, तर दुसरा टेकडी चढे.

एका पावसाळ्यात गढूळ पाण्याने पोरं आजारली. बाईंचा जीव कळवळला. तेव्हा गावातला एकमेव गाडीवाला हात जोडून म्हणाला, "बाई, नियम करा. पाणी गाळलेलं हवं, हंडे तांब्याचे हवेत, अन् वाहायला बैलगाडीच हवी. कावडीवर धूळ बसते."

बाईंना पटलं. गावाच्या भल्याचंच होतं की! दवंडी पिटली गेली. कावडवाल्यांकडे ना तांबं, ना बैल. पाचही कावडी आढ्याला टांगल्या गेल्या.

रोज सकाळी बाई विचारीत, "पोचलं का रे शेवटच्या घरी?"

"पोचलं की, बाई!" गाडीवाला म्हणे. बाई देवाचं नाव घेत आणि पाणी पीत.

वर्ष सरलं, उद्यापनाचा दिवस आला. बाईंनी म्हातारीला मानाने बोलावलं, पाटावर बसवलं, पाय धुवायला तांब्या उचलला. म्हातारीने पाय मागे घेतले.

"थांबा हो बाई. एवढं पाणी पायांवर? तांब्या तसाच द्या, घरी नेते. सून बाळंतीण आहे."

"अहो, पण गाडी येते ना?"

"गाडी टेकडी चढते होय? बैलांना विचारून बघा! पायथ्याचं घर तेच शेवटचं, असं म्हणतो तुमचा गाडीवाला. कावडी थांबल्यावर आधी सून दरीत उतरायची. आता मी उतरते, गुडघ्यांची मनधरणी करत."

"मला का नाही सांगितलंत?"

"दवंडी तुमच्याच नावाची. रडायचं कुणापुढे?"

बाईंची मान खाली गेली. वर्षभराचा एकेक घोट घशाशी आला. खोटं गाडीवाला बोलला होता. पण ज्याचा फायदा, त्यालाच आपण विचारत राहिलो. टेकडी एकदाही चढलो नाही.

"मोडते तो नियम!" त्या पुटपुटल्या.

"सगळा नको हो," म्हातारी हळूच म्हणाली. "गाळायचं तेवढं राहू द्या. माझा नातू त्या गढूळ पाण्यानेच तापला होता. गाळलेलं पाणी मातीच्या घागरीतही गोडच लागतं."

त्या दिवशी बाई स्वतः घागर घेऊन, अनवाणी, टेकडी चढल्या. दुसऱ्या दिवशी नवी दवंडी झाली: पाणी गाळलेलंच हवं, भांडं आणि वाहन ज्याचं त्याचं. तीन कावडी आढ्यावरून उतरल्या. दोघे कावडवाले मात्र गाव सोडून गेले होते, ते परतले नाहीत. त्यांच्या बंद दारांवरून जाताना बाईंची नजर आजन्म वर उठली नाही. गाडीवाला मात्र आता पायथ्याशी गाडी सोडून, डोक्यावर हंडा घेऊन, धापा टाकत वर येऊ लागला.

नियमाने पाण्याची राखण करावी, झऱ्याची वाट अडवू नये.

तेव्हा बायांनो, बाप्यांनो, एवढा वसा तुम्हीही घ्या. दहाजणांसाठी नियम कराल, तेव्हा शेवटच्या घरी आपल्या पायांनी जाऊन या, आणि मगच पाण्याचा घोट घ्या.